गुरुवारी भरलेला बाजार

आमच्याकडं लग्नकार्य उरकलं, पंगती उठल्या, की पोरीबाळी मला घेरतात आणि म्हणतात, काकू, ती बाजाराची गोष्ट सांगा. मग मी सांगते. माझ्या आवाजाला आजवर कोणी गोड म्हटलेलं नाही, पण तो मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचतो, एवढाच माझा गुण. मेंढरांपाशी आले की सगळे हसतात आणि त्या हसण्यातच मी गोष्ट आटोपती घेते, कारण पुढचं सांगितलं तर तोंडातले विडे कडू लागतील. लिहिताना समोर कोणी बसलेलं नाही, म्हणून पुढचंही लिहिते.

मी लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडाच काळ झाला होता. पालमच्या अंगानं नदी उतरून येणाऱ्या बैलगाड्या आमच्या गावातून पिंगळीच्या स्टेशनाला जात. कापूस, तूर, करडी, जे तिकडं पिके ते आमच्या दारावरून जाई. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, किराणा दुकान वेशीच्या आत, त्या गाडीवाटेवरच होतं. गाडीवान उतरला की आधी बैलाचं बघे, मग स्वतःचं. म्हणून मामंजी दुकानही त्याच क्रमानं मांडत. पुढं पेंड आणि चाकाचं वंगण, मागं गूळ, शेंगदाणे, विड्या. मी माहेरी परभणीत वाढलेली. पहिल्याच दिवशी मी शहाणपणानं गुळाची ढेप पुढं आणून ठेवली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "सूनबाई शहरची हाय. तिच्या गावात माणसं आधी खात असतील, बैल मागनं."

आमच्याकडं शेतीचा तुकडासुद्धा नव्हता. दुकान होतं, आणि रविवारचा बाजार होता. त्या एका बाजारावर दुकानाचे पुढचे सगळे दिवस निघत. पण राज्य जायच्या आधीच्या धामधुमीत जे व्यापारी पळाले, त्यांतले निम्मेच परत आले होते. बांगड्यांची पालं कमी झाली, कापडाचं एखाद-दुसरंच पाल उरलं. मामंजी रविवारी दुकानाच्या पायरीवर उभे राहून पालं मोजत आणि आत येत. आत्याबाई विचारीत, "किती?" ते म्हणत, "हायेत."

अशात पटवारी बातमी घेऊन आला. पालमहून परभणीला मोटारीचा पक्का रस्ता होणार. तो कुठून न्यायचा ते बघायला इंजिनीअर साहेब येणार. आमच्या गावावरून नेता येईल, नाहीतर पलीकडच्या माळावरून. पटवारी म्हणाला, "साहेब गावाची पेठ बघणार. पेठ असली तर रस्ता. नसली तर मग कशाला?"

"कवा येणार?" मामंजींनी विचारलं.

"गुरुवारी."

गुरुवारी आमच्या बाजारतळावर कुत्री झोपत. रविवार सोडला तर तळ त्यांचाच असे.

मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी आमच्या ह्यांना म्हणाले, "बाजार गुरुवारी भरवू."

हे म्हणाले, "व्यापारी कुठनं आणायचे?"

"व्यापारी कशाला? आपून हावोत की सगळे."

दुसऱ्या कुठल्या गावानं हा विचार केला असता असं मला वाटत नाही. आमच्या गावानं केला, कारण गावाला मोटार हवी होती. दवाखान्याला, कोर्टाला, लेकीबाळींना आणायला. आणि मामंजींना ती श्वासासारखी हवी होती. गाडीवाट मोडून रस्ता दुसरीकडून गेला तर गाड्या तिकडं जातील हे त्यांना चांगलं कळत होतं. चावडीवर त्यांनी नियम सांगितला. प्रत्येक घरानं काहीतरी घेऊन तळावर बसायचं. उरलेल्यांनी गिऱ्हाईक म्हणून फिरायचं. भाव करायचा, मोठ्यानं करायचा, पण विकायचं काही नाही. साहेब गेला की ज्याचं त्यानं घरी न्यायचं.

माझ्या वाट्याला भांड्यांचं दुकान आलं. म्हणजे माझ्याच आंदणाची भांडी. घागर, तपेली, परात, तांबे. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून मी माझ्याच संसाराच्या मागं बसले. शेजारच्या बाईनं घरातली सगळी वांगी आणली होती. ती चार जणींच्या टोपल्यांत वाटून दिली, म्हणजे चार दुकानं दिसतील. न्हाव्यानं आरसा टांगला आणि गावातल्या पोराटोरांची डोकी करायला घेतली. काहींची परवाच झाली होती, पण नाइलाज होता.

दोन सख्खे भाऊ होते, बांधावरून वैर असलेले. कित्येक वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते. मामंजींनी एकाला बोकड घेऊन बसवलं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक केलं. त्यांना वाटलं, खोटं खोटं का होईना, बोलतील.

धाकटा म्हणाला, "काय सांगितलं बोकडाचं?"

थोरला म्हणाला, "तुला परवडायचं न्हाई."

"न परवडाया मी काय बांध कोरून खातो का लोकायचा?"

"मग कोण खातंय? माझं बोकड खातंय का?"

तिथून जे सुरू झालं त्यानं बाजाराला खरा रंग आला. लोक जमले, सोडवायला चौघे धावले. मामंजी लांबून बघून म्हणाले, "झकास चालू हाय."

आणि माझ्या दुकानाला खरं गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या गावची एक बाई आपल्या वाटेनं चालली होती. तिला बाजार दिसला, ती आत आली. माझी घागर उचलून, वाजवून, बुडाला बोट लावून म्हणाली, "लेकीला द्यायची हाय. काय घेशील?"

मला भाव करता येत नव्हता. खोटा तर त्याहून नाही. मी पदरातून म्हणाले, "विकायची नाही."

"मग बाजारात का आणलीस, हवा खायला?"

आत्याबाई मागून आल्या आणि त्यांनी असा काही आकडा सांगितला की बाईनं घागर खाली ठेवली. पण ती जाईना. तिथंच बसून राहिली, भाव उतरेल म्हणून. घाबरून मी घागर मांडीत घेऊन बसले. गोष्ट सांगताना हा भाग मी उठून, पदर ओढून, करून दाखवते. पोरी लोळतात.

तरी तळ मोकळा मोकळा दिसत होता. मामंजींचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात नदीकडून एक मेंढपाळ आपलं कुटुंब आणि कळप घेऊन गावाबाहेरून चालला होता. मामंजी अनवाणी त्याच्यापुढं धावले.

"घटकाभर मेंढरं तळावर आण बाबा. बाजार हाय."

"आमाला विकायची न्हाईत, मालक."

"कुणालाच विकायचं न्हाई. आण तू. पेंड देतो."

मेंढपाळाला काय वाटलं असेल कोण जाणे. पण पेंड खरी होती. त्यानं कळप वळवला. वेशीतून आत मेंढरं, तळावर मेंढरं, दुकानाच्या पायरीपर्यंत मेंढरं. आणि त्याच वेळी समोरून साहेबाची जीप आली.

जीप वेशीत अडकली. पुढं मेंढरं, मागंही मेंढरं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तशी ती आणखीनच दाटून बसली. साखळी टाकून वाट मोजायला आलेले दोघे जण साखळी हातात धरून उभेच राहिले. साहेब भला माणूस होता. जीपमधून उतरला, रुमालानं मान पुसली आणि हसून म्हणाला, "अरे भई, ये तो बहुत बड़ा बाज़ार है."

मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते घागरीआडून बघितलं. त्यांनी साहेबाला दुकानात बसवलं, चहा दिला. साहेबानं विचारलं, हर गुरुवार को? मामंजी म्हणाले, "हां साब." पटवाऱ्यानं मान हलवली. साहेब चहा पिऊन उठला. मागची मेंढरं तोवर हलली होती; पुढं जाता येईना म्हणून त्यानं जीप मागं घेतली आणि गावाला वळसा घालून माळाच्या अंगानं निघून गेला.

संध्याकाळी मामंजींनी दुकानातली साखर वाटली. मांडवात माझी गोष्ट इथंच संपते.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. गावापासून चांगल्या कोसभर लांब. गुरं राखणाऱ्यांनी येऊन सांगितलं तेव्हा मामंजी म्हणाले, दुसरा कसला तरी रस्ता असंल. मग खुणेचे दगड आले. तेव्हा ते आणि आमचे हे परभणीला गेले, कचेरीत.

काय झालं ते ह्यांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. साहेब नव्हते. एका कारकुनानं कागद काढून वाचून दाखवले. त्यात आमच्या गावाबद्दल सगळं चांगलंच होतं. बाजार फार मोठा, वाट अरुंद, गर्दी अशी की गाडी निघत नाही. मोटारीचा रस्ता गावातून काढला तर तळ तोडावा लागेल आणि एवढ्या चालत्या पेठेचं नुकसान होईल. म्हणून रस्ता बाहेरून न्यावा.

मामंजी म्हणाले, "पर तो बाजार खरा नव्हता."

कारकुनानं कागद खाली ठेवला. "म्हणजे?"

"आमीच भरवला होता. मेंढरं रस्त्यानं चालली होती, ती आमी आत घेतली. गर्दी न्हाई हो आमच्याकडं. रविवारीबी न्हाई. चालून बघा तुमी, गाव मोकळं हाय."

कारकून हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं हे म्हणाले. तो हळूच म्हणाला, "काका, साहेबाला फसवलं असं लिहून देता का? दिलं तर पटवाऱ्याची नोकरी जाईल, तुमचं गावही अडचणीत येईल. आणि रस्ता काय, तो जिथं आखलाय तिथंच होईल."

बाप-लेक परत आले ते गाडीवाटेनं चालत. रेल्वेनं पिंगळीपर्यंत येता आलं असतं, पण मामंजी म्हणाले, चालू. वाटेत एकच वाक्य बोलले. "आपून त्येला खरं सांगितलं, आन त्येनं ऐकून घेतलं. आता कुणाला काय सांगायचं ऱ्हायलं न्हाई."

पण मग खडी फोडायचं काम निघालं आणि आमचं दुकान असं चाललं की मी घरात आल्यापासून कधी चाललं नव्हतं. अर्धं गाव माळावर मजुरीला होतं. आठवड्याचा पगार मिळाला की माणसं आमच्या पायरीवर येत. चहाची पत्ती, साखर, बायकांना खोबरेल तेल. मामंजींनी पेंड मागं सरकवली आणि साखर पुढं घेतली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "बघ की. तुझंच खरं झालं." मला वाटलं, रस्ता एवढं देतोय तर तो लांबून गेला म्हणून काय बिघडलं. मामंजीही रात्री हिशोब लिहिताना गुणगुणू लागले होते.

रस्ता पुरा झाला त्या आठवड्यापासून पायरी सुनी झाली.

मालमोटारी पालमकडून भरून निघत आणि थेट परभणीत कापसाच्या जिनिंगवर, नाहीतर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या पेठेत, जाऊन उतरत. पिंगळीच्या स्टेशनाला कापूस न्यायचं कारणच उरलं नाही. बैलगाड्या आधी कमी झाल्या, मग थांबल्या. वाटेवरच्या चाकोऱ्यांत गवत उगवलं. वंगणाचा डबा उघडला की वर साय धरलेली असे. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागे मोटारसर्व्हिसही सुरू झाली. गाव फाट्यावर चालत जाई, मोटारीत बसे आणि दिवस मावळायच्या आत परभणीहून कापड, चपला, मिठापर्यंत सगळं घेऊन येई. रविवारचे उरलेले व्यापारी म्हणाले, तुमचं गिऱ्हाईक आमाला तिकडंच भेटतंय, इकडं पालं घेऊन कशाला यायचं? एका रविवारी कोणीच आलं नाही. मामंजी तरी पायरीवर उभे राहिले. आत्याबाईंनी त्या दिवशी "किती?" विचारलं नाही.

मला सगळे विचारतात, मग फाट्यावर दुकान का टाकलं नाही? टाकलं. पत्र्याचं खोकं टाकलं. पण फाट्यावर जाताना माणसाची पिशवी रिकामी असते आणि त्याला परभणीत घ्यायचं असतं. येताना ती भरलेली असते आणि त्याला घरी जायचं असतं. खोक्यात दोन्ही वेळा लागते ती काडेपेटी आणि प्यायला पाणी. पाण्याचे पैसे कोण घेतं? मामंजी रोज डोक्यावर घागर घेऊन कोसभर चालत. ती माझ्या आंदणातली घागर होती. मी म्हणायची, मी आणते. ते म्हणायचे, "सून फाट्यावर पाणी वाहते हे दिसाया नको." सासरा वाहतो ते दिसलं तर चालत होतं.

घरात दुपारी मी आणि आत्याबाई भाकरी करायचं पुढं ढकलत बसायचो. त्या म्हणत, भूक न्हाई मला. मी म्हणे, मलाही नाही. दोघीही चांगल्या खोटारड्या होतो, पण एकमेकींना फसवण्याइतक्या नाही. एका संध्याकाळी मामंजी फाट्यावरून आले आणि रिकामी घागर उतरवता उतरवता भिंतीला धरून खाली बसले. मग ह्यांना म्हणाले, "चल, मोंढ्यात काम बघ. आपून जाऊ."

आम्ही परभणीला बिऱ्हाड केलं. एक खोली, आणि मागं न्हाणीची जागा. हे मोंढ्यात अडतीवर धान्य मोजायला, मापाडी म्हणून लागले. मी माहेरच्या गावात परत आले होते, पण कोणी मला माहेरवाशीण म्हटलं नाही. माहेरवाशीण भांडी घेऊन येत नसते.

मामंजी रोज सकाळी मोटारस्टँडवर जाऊन उभे राहत. पालमची गाडी आली की आमच्या गावची माणसं उतरत. ते त्यांच्याशी बोलत, कुठं जायलाव विचारत, आणि परत जाताना गाठून त्यांच्या पिशव्या हातात धरून तोलत. "हे कुठनं घेतलं? माप कमी हाय ह्याचं." लोक आधी खूश होत. मग गाडी धरायची म्हणून घाईनं पुढं सटकत. मोंढ्याजवळच्या एका किराणावाल्यानं हे बघितलं असणार. त्यानं मामंजींना बोलावून सांगितलं, काका, नुसते उभे कशाला राहता? तुमच्या गावची माणसं माझ्या दुकानात आणा. बसायला जागा देतो, महिन्याला काही देतो.

मामंजींनी घरी येऊन सांगितलं आणि आमच्या तोंडाकडं बघत राहिले. आम्ही नको म्हणावं असं त्यांना वाटत होतं. आत्याबाई चुलीतली राख ओढत म्हणाल्या, "गिऱ्हाईक तुमचंच हाय की." खोलीत ज्वारी होती ती दोन-तीन दिवसांची.

ते गेले. मी त्यांचा डबा घेऊन गेले त्या दिवशी आमच्या गावची एक म्हातारी त्यांच्याबरोबर दुकानात आलेली होती. त्या गुरुवारी माझ्या शेजारी वांग्यांची टोपली घेऊन बसलेली तीच. मामंजी गादीवर नव्हते, खाली पोत्याजवळ बसले होते. तिनं गूळ घेतला, डाळ घेतली. गड्यानं पुडे बांधून दिले. तरी ती जागची हलेना. तिनं पदर पुढं धरला. आमच्या दुकानात तिला प्रत्येक वेळी वरून एक खडा गूळ मिळायचा, नातवासाठी म्हणून.

मामंजींचा हात ढेपेकडं गेला. तिथंच थांबला. त्यांनी मालकाकडं बघितलं. मालक दुसऱ्या कोणाशी बोलत होता, त्यानं बघितलंही नाही.

"इथं तसं देत न्हाईत," मामंजी म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "मग तुमी आमाला हितं कशाला आणलं? पुढल्या दुकानात घेतलं असतं."

"पुढल्या दुकानातबी देत न्हाईत, मावशे."

तिनं पदर झटकला, जसा काही त्यात खडा पडून गेला होता, आणि कमरेला खोचला. मामंजी उठले. तिची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि तिला गाडीवर बसवून द्यायला निघाले. मालकानं मागून विचारलं, "काका, कुठं निघाले?" त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, ते पुढं चालत राहिले. मी डबा पोत्यावर ठेवला. मालक मला म्हणाला, "बाई, तो तिथं ठेवू नका. गिऱ्हाईक बसतं." मग मी डबा हातात घेऊन, ते परत येईपर्यंत, दुकानाच्या बाहेर उन्हात उभी राहिले.